गहू सोडण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत आहारावरचं जे सदर चालू आहे, त्यातल्या ताज्या लेखात वाचकांना सांगितलं आहे की पोट फुगत असेल, सतत थकवा असेल, डोकं जड राहत असेल तर तीन आठवडे गहू पूर्ण बंद करून पाहा. बरं वाटलं तर गहू तुम्हाला सोसत नाही असं समजा आणि तो कायमचा सोडा. डॉक्टरकडे जायचं ते 'त्यानंतरही त्रास राहिला तर'. लेख चांगल्या हेतूने लिहिलेला आहे, भाषा सोपी आहे आणि सल्ला कोणालाही घरबसल्या पाळता येईल असा आहे. म्हणूनच त्याची धास्ती वाटते. त्यातला क्रम उलटा आहे. आधी सिलिएक या आजारासाठी रक्ताची तपासणी, तीही नेहमीसारखा गहू खात असताना. सोडायचा की नाही हे त्यानंतर.

मी स्वतः सिलिएक आजाराची रुग्ण आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे माझी रोगप्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर उलटते. शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) ही तिन्ही धान्यं माझ्या ताटातून गेल्याला बराच काळ लोटला. तेव्हा गव्हाची वकिली करण्याचं मला काही कारण नाही.

जुनी सवय म्हणून थोडं शिकवते. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून चिवट, ताणता येणारा पदार्थ तयार होतो, तो ग्लूटेन. कणीक तुटत नाही आणि पाव फुगून टिकतो तो त्याच्यामुळे. यातल्या ग्लायडिन नावाच्या प्रथिनांत ग्लूटामिन आणि प्रोलिन ही अमिनो आम्लं इतकी दाटीने असतात की आपल्या पाचकरसांना त्यांचे पुरते तुकडे करताच येत नाहीत. हे धडधाकट माणसाच्या पोटातही होतं. त्याच्या बाबतीत अर्धवट तुकडे काही न करता पुढे निघून जातात. सिलिएकच्या रुग्णात मात्र आतड्याच्या अस्तरातलं टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज, म्हणजे टीटीजी नावाचं विकर त्या तुकड्यांमध्ये लहानसा रासायनिक बदल करतं. बदललेला तुकडा रोगप्रतिकारक पेशींवरच्या एका विशिष्ट रेणूत घट्ट बसतो आणि शरीर लढाईला उभं राहतं. गव्हाच्या तुकड्याविरुद्ध तर राहतंच, स्वतःच्या त्या विकराविरुद्धही प्रतिपिंडं बनवायला लागतं. प्रतिपिंडांचं लक्ष्य हे विकर आहे, हे १९९७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि तेव्हापासून रक्ताची तपासणी सोपी झाली. आज 'टीटीजी आयजीए' या नावाने जी चाचणी करतात ती हीच प्रतिपिंडं मोजते (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार).

आता ग्लूटेन खाणं बंद केलं तर? प्रतिपिंडं बनण्याचं कारणच गेलं, त्यांचं प्रमाण उतरू लागतं. काही महिन्यांत ते पूर्ण नॉर्मलही होऊ शकतं. आतड्याचं अस्तरही सावरू लागतं, त्यामुळे बायोप्सीतही काही सापडेल याची खात्री राहत नाही. गहू सोडल्यानंतर सिलिएकची तपासणी करणं म्हणजे भर उन्हाळ्यात छपराची गळती शोधणं. अहवाल 'नॉर्मल' येतो आणि माणूस समजतो, चला, आपल्याला तो आजार नाही.

हे पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं नेमकं हेच झालं आहे. माझं निदान झाल्यानंतर माझी तब्येत सुधारताना तिने पाहिली. तिलाही वर्षानुवर्षं पोटाचा त्रास होता, तोंड येत असे. तिने तपासणीच्या भानगडीत न पडता गहू सोडून दिला. तोंड यायचं थांबलं, पोट शांत झालं, ती खूश. सांगून पाहिलं तेव्हा म्हणाली, "ताई, बरं वाटतंय ना, मग सुया कशाला टोचून घेऊ?" पुढे काही वर्षांनी किरकोळ पडण्याचं निमित्त झालं आणि मनगटाचं हाड मोडलं. हाडांची घनता मोजली तर ती वयाच्या मानाने फारच कमी. डॉक्टरांनी घरात कोणाला काय आजार आहेत हे विचारताना माझा विषय निघाला, आणि त्यांनी साहजिकच विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली होती?"

झालीच नव्हती. आता केली तर प्रतिपिंडं नॉर्मल. त्याचा अर्थ काही निघत नाही, कारण ती गहू खातच नव्हती. मग जनुकांची तपासणी केली. सिलिएकच्या जवळपास सर्व रुग्णांत डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांपैकी एक तरी प्रकार सापडतो. दोन्ही नसतील तर सिलिएक जवळपास बाद करता येतो, आणि या तपासणीवर आहाराचा काही परिणाम होत नाही. पण उलट बाजूने तिचा उपयोग नाही. सर्वसाधारण लोकांतही साधारण तिघांमागे एकात ही जनुकं असतात आणि त्यातल्या फार थोड्यांना कधी आजार होतो. बहिणीत ती सापडली. म्हणजे 'असू शकेल' इतकंच कळलं, जे आम्हाला आधीही ठाऊक होतं.

एकच मार्ग उरला: पुन्हा गहू खायला लागायचं आणि मग तपासणी करायची. ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तपासणीआधी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक वेळच्या खाण्यात ग्लूटेन असायला हवं. ज्या माणसाने त्रास होतो म्हणून एखादी गोष्ट सोडली आहे, त्याला सहा आठवडे तीच दिवसातून दोनदा खायला सांगायचं! बहिणीने अजून होकार दिलेला नाही. "ते दुखणं मी पुन्हा विकत घेऊ?" हा तिचा प्रश्न चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. गहू खात असतानाच एक नळी रक्त दिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

यावर आपल्या लेखिकेचं म्हणणं असं असू शकेल की गहू तर सोडलाच आहे, मग आजाराला नाव काय द्यायचं याने फरक काय पडतो? फरक पडतो तो असा. ज्याला नुसता गहू 'सोसत नाही' त्याने आठवड्यातून एकदा मोह झाला म्हणून केकचा तुकडा खाल्ला तर फार तर एक रात्र पोट बिघडेल. सिलिएक असेल तर तोच तुकडा आतड्याला इजा करतो, आणि कितीतरी रुग्णांना ती इजा होताना काही जाणवतही नाही. माझी बहीण हेच करत होती. घरी नाही, पण बाहेर गेलं की थोडंफार चालतं, पोट तक्रार करत नाही म्हणजे ठीक. निदान झालेलं असतं तर तिची हाडांची तपासणी वेळेवर झाली असती, ड आणि ब१२ जीवनसत्त्व, लोह, फॉलिक आम्ल मोजलं गेलं असतं, थायरॉईडकडे कोणी लक्ष दिलं असतं (सिलिएकच्या रुग्णांत थायरॉईडचे ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचे, विकार आणि टाइप १ मधुमेह इतरांपेक्षा जास्त आढळतात). शिवाय तिच्या मुलीला तपासून घ्या असं कोणीतरी सांगितलं असतं.

आता माझं. मला पोटाचा म्हणावा असा त्रास कधीच नव्हता, आणि लेखातल्या लक्षणांच्या यादीत मी कुठेच बसले नसते. माझं हिमोग्लोबिन कमी असायचं. लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडं वर यायचं, थांबवल्या की पुन्हा खाली. बाईमाणूस म्हटल्यावर पांडुरोगाचं कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे कोणी पुढे विचारत नाही. पाळी बंद झाली तरी हिमोग्लोबिन काही वर येईना, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा असा विचार केला की बाई गोळ्या तर नियमाने घेतात, मग लोह जातं कुठे? ते शोषलंच जात नसेल तर?

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषायला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून ती रचना आहे. सिलिएकमध्ये हे उंचवटे झिजून सपाट होतात. लोह मुख्यतः आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि आजाराचा पहिला घाव नेमका तिथेच बसतो. म्हणून मोठ्या माणसांत कितीदा तरी सिलिएकची एकमेव खूण म्हणजे न हटणारा पांडुरोग. काहींची हाडं ठिसूळ होतात, काहींच्या यकृताच्या तपासण्या बिनसतात, कोणाला गर्भपात होत राहतात, कोणाच्या हातापायांना मुंग्या येतात, कोणाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर प्रचंड खाजणारे फोड येतात. मुलांची उंची खुंटते. जुलाब झालेला, हडकुळा, पोट पुढे आलेला रुग्ण हे पाठ्यपुस्तकातलं चित्र आहे. वजन जास्त असलेल्या आणि बद्धकोष्ठ असलेल्या माणसालाही सिलिएक असू शकतो. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

दुसरा मुद्दा बरं वाटण्याचा. लेखाची सगळी भिस्त त्यावर आहे: सोडलं, बरं वाटलं, म्हणजे कारण सापडलं. या आजाराचा इतिहास वाचला तर असं म्हणायचं धाडस होणार नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल असं लिहून ठेवलं. इथवर ते अचूक होते. पण त्यांना गुण दिसला तो डच शिंपल्यांत. एक मूल हंगामभर रोज मोठं भांडंभर शिंपल्या खाऊन छान सुधारलं, हंगाम संपल्यावर पुन्हा ढासळलं, आणि पुढच्या हंगामात त्या पोराने शिंपल्यांना तोंड लावायला साफ नकार दिला. (मला त्या पोराबद्दल फार आपुलकी वाटते.) पुढे १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार मांडला. मुलं खरोखर सुधारत, मरणाच्या दारातून परत येत. केळ्यांत काहीतरी गुणकारी आहे असं हास यांचं ठाम मत झालं आणि ते अनेक दशकं चाललं. खरं कारण इतकंच होतं की त्या आहारात पाव आणि धान्यं वर्ज्य होती. कारण चुकीचं धरल्यामुळे मूल 'बरं' झालं की त्याला पुन्हा पाव खायची मुभा मिळे. आतडं आतून पुन्हा बिघडत राही.

गव्हावर बोट ठेवलं ते नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. युद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सगळी मुलं खंगत असताना सिलिएकची मुलं त्यातल्या त्यात सुधारली. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. डिके यांना गव्हाचा संशय युद्धाच्या आधीपासून होता हे मात्र सहसा सांगितलं जात नाही, आणि दुष्काळात दिसलं तेवढ्यावर ते थांबले नाहीत हेही नाही. त्यांनी काही मुलांच्या आहारात गहू घालून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा घातला, आणि प्रत्येक वेळी विष्ठेतून न पचलेली चरबी किती जाते ते सहकाऱ्यांबरोबर मोजलं. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. मोजल्यामुळे ते खरं ठरलं. नाहीतर केळी होतीच.

तीन आठवड्यांच्या प्रयोगात मोजण्यासारखं काही नाही. गहू बंद केला की माणसाचं बरंच काही बदलतं. बिस्किटं जातात, बेकरीचे पदार्थ जातात, बाहेरचं खाणं कमी होतं, भाजी-फळं वाढतात. यातल्या कशाने बरं वाटलं? आणि गव्हानेच त्रास होत होता असं धरलं तरी गव्हातल्या कशाने? गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकंही असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. नॉर्वेत झालेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. सिलिएक नसलेल्या, पण ग्लूटेन सोसत नाही म्हणून ते स्वतःहून सोडलेल्या ५९ जणांना त्यात आळीपाळीने तीन प्रकारच्या वड्या खायला दिल्या. एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टान आणि एकीत दोन्ही नाही. कोणती कुठली हे खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीने झाला. ग्लूटेनची वडी आणि काहीच नसलेली वडी यांत लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही. फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असतं. म्हणजे एखादा बिचारा महागडा ग्लूटेनमुक्त पाव कांद्यालसणाच्या चटकदार सारणाबरोबर खात असेल आणि तरीही पोट का फुगतं म्हणून डोकं धरून बसला असेल.

या लोकांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही, कोणी म्हणूही नये. त्यांचं पोट खरंच दुखतं. त्यांना योग्य कारण कळावं एवढीच अपेक्षा. गव्हाची ॲलर्जी ही आणखी निराळी गोष्ट, लेखात ती सिलिएकमध्येच मिसळली आहे. तीत गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एकदोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, श्वास अडकतो; काहींना गहू खाऊन व्यायाम केला तरच त्रास होतो. असा माणूस 'सोडून पाहू, मग खाऊन पाहू' हा खेळ घरी खेळला तर जिवावर बेतू शकतं. त्याच्या तपासण्या वेगळ्या, डॉक्टर वेगळे. आणि एका थेंबावरून शंभर-दोनशे पदार्थांची यादी लाल-हिरव्या रंगात छापून देणाऱ्या 'आयजीजी' या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या निघाल्या आहेत, त्यांवर पैसे घालवू नयेत. ती प्रतिपिंडं तुम्ही काय खात आला आहात एवढंच सांगतात. काय सोसत नाही ते त्यांतून कळत नाही, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी हे अनेकदा सांगितलं आहे.

वजनाबद्दलची लेखातली दोन वाक्यं मी सोडून देणार होते, पण आजकाल सगळे तेच विचारतात म्हणून लिहिते. ग्लूटेन काढल्याने वजन उतरत नाही. बाजारातल्या ग्लूटेनमुक्त पदार्थांत चिवटपणा आणण्यासाठी स्टार्च, साखर आणि चरबी वाढवलेली असते, तंतू मात्र कमी. सिलिएकच्या कितीतरी रुग्णांचं वजन निदानानंतर वाढतं, कारण आतडं पुन्हा नीट शोषू लागतं. हृदयविकार टळतो म्हणावं, तर एक लाखाहून अधिक लोकांच्या आहाराची अनेक वर्षं नोंद ठेवून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा काही फायदा दिसला नाही. उलट संपूर्ण धान्यं कमी खाल्ल्याने नुकसान होईल अशी शंका त्या संशोधकांनी व्यक्त केली.

ग्लूटेनमुक्त खाण्याच्या या लाटेचा मला फायदाही झाला आहे, हे कबूल करायला हवं. पूर्वी ग्लूटेन म्हटलं की समोरचा माणूस रसायन समजायचा. आता वेष्टणांवर छापलेलं असतं, उपाहारगृहात विचारता येतं. पण ज्या वाढप्याने सकाळपासून दहा जणांना 'ग्लूटेन नको' म्हणताना आणि नंतर शेजारच्याच्या ताटातला केक खाताना पाहिलं आहे, तो माझं म्हणणं किती गंभीरपणे घेईल? वरचे पावाचे तळलेले तुकडे बाजूला काढून तेच सूप पुढे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. आकडा सांगितला की लोकांना ते खरं वाटत नाही, म्हणून सांगते. पावाच्या एका चकतीत साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. सिलिएकच्या रुग्णाला दिवसाला दहा मिलिग्रॅमपर्यंत बहुधा चालतं, पन्नास मिलिग्रॅम रोज गेलं तर आतड्याला इजा होते असं दिसलं आहे. म्हणजे त्या चकतीचा दोनशेवा भाग ही माझी दिवसभराची सीमा. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत ग्लूटेनमुक्त म्हणवण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

या हिशोबाने सामायिक टोस्टर गेला, पिठाची सामायिक चाळणी गेली, ज्या तेलात मैद्याचं आवरण असलेलं काही तळलं ते तेल गेलं. उष्णतेने ग्लूटेन मरत नाही. ते जिवाणू नव्हे. लोण्याच्या डबीत चुरा लागलेली सुरी कोणी बुडवली की ती डबी इतरांची. वेष्टणावर 'गहूमुक्त' लिहिलेलं असतं आणि आत जवाचं माल्ट निघतं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ओट्स स्वतः बहुतेकांना चालतात, पण शेतात, गोदामात, गिरणीत ते गव्हात मिसळलेले असतात, म्हणून खास वेगळे ठेवलेलेच घ्यावे लागतात, आणि काही थोड्या रुग्णांना तेही सोसत नाहीत. रवा, मैदा, दलिया हे गहूच आहेत हे सांगावं लागतं, आणि पूर्वीच्या काळचा, 'प्राचीन' म्हणून विकला जाणारा गहूही गहूच आहे, हेसुद्धा. असं आयुष्यभर जगायचं असेल तर ते कशासाठी, हे निश्चित माहीत असलेलं बरं. अंदाजावर इतकी शिस्त कोणाकडून होत नाही, आणि गरज नसेल तर ती कोणावर लादूही नये.

तेव्हा विनंती अशी की सदराचा पुढचा भाग छापण्याआधी लेखिकेने एक चौकट द्यावी. गव्हाबद्दल शंका असेल त्याने खाण्यात काही बदल न करता डॉक्टरांकडे जावं. रक्तातलं टीटीजी आयजीए आणि त्याच वेळी एकूण आयजीए तपासून घ्यावं, कारण सिलिएकच्या काही रुग्णांत आयजीएच कमी असतं आणि मग पहिली चाचणी फसवते. चाचणीत प्रतिपिंडं वाढलेली दिसली तर मोठ्या माणसांत साधारणपणे दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेऊन खात्री करतात. तोवरही गहू चालूच ठेवायचा. या टप्प्यावर अनेक जण घाबरून गहू सोडतात आणि बायोप्सीची तारीख येईपर्यंत पुरावा अर्धा पुसलेला असतो. ज्यांनी आधीच सोडला आहे त्यांनी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. जनुकांची तपासणी आधी करून घ्यावी, ती नकारात्मक आली तर पुढची यातायात वाचेल.

आणि सख्ख्या नात्यातल्यांचं. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात एकाला सिलिएक असेल तर बाकीच्यांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट, साधारण दहात एक अशी धरतात. त्रास असो वा नसो, त्यांनी तपासणी करून घ्यावी. माझ्या भाचीची अलीकडेच केली. बहिणीने घरात गहू आणणं थांबवलं असलं तरी भाची कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रोज पाव खाते, त्यामुळे डॉक्टरांना तो अहवाल ग्राह्य धरता आला. तो नॉर्मल आहे. हा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो, म्हणून काही वर्षांनी, किंवा मधेच हिमोग्लोबिन घसरलं तर त्याआधीही, पुन्हा तपासायचं ठरलं आहे. तोपर्यंत तिने पाव सोडू नये असं तिला मी आणि डॉक्टरांनी, दोघांनीही बजावलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका)